तलवंडी साबो: गुरूंच्या काशीतलं खासगी विद्यापीठ समजून घेताना

पंजाबातल्या बठिंड्याहून आग्नेयेला तीसेक किलोमीटर गेलं की तलवंडी साबो लागतं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गहू, भात आणि कापूस. कापसाला तिकडे ‘नरमा’ म्हणतात. गावात तख्त श्री दमदमा साहिब आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे धर्माच्या सर्वोच्च पीठांपैकी, एक. आणि एवढ्याशा गावाला दोन खासगी विद्यापीठं आहेत: २०११ साली स्थापन झालेलं गुरु काशी विद्यापीठ आणि २०१५ सालचं अकाल विद्यापीठ. शिवाय पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचं, म्हणजे सरकारी विद्यापीठाचं, एक संकुलही इथेच आहे.

मराठी माणसाने या गावाकडे पाहण्याचं एक कारण म्हणजे नांदेड. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला पोचले, त्याआधी १७०६ मध्ये ते जवळपास नऊ महिने तलवंडीत राहिले होते आणि दक्षिणेकडे निघाले ते इथूनच. दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. आपल्याही जिल्ह्याजिल्ह्यांत खासगी विद्यापीठांच्या कमानी उभ्या राहताहेत. बारावी झालेल्या मुलीला घेऊन त्या कमानीतून आत जाणाऱ्या आईबापांना हे खासगी विद्यापीठ म्हणजे नेमकं काय, हे कुणी नीट समजावून सांगत नाही. तलवंडीत श्रद्धा, कायदा आणि पैसा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात भेटतात. त्यामुळे कोणती गोष्ट कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे इथे जास्त स्वच्छ दिसतं, असं मला वाटतं.

आधी जागेबद्दल. गुरूंचं ठाणं असलेलं आनंदपूर सुटलं होतं. चमकौरच्या लढाईत गुरूंचे दोन थोरले मुलगे गेले, सरहिंदला धाकट्या दोघांना मारण्यात आलं, मग खिदराण्याची म्हणजे आजच्या मुक्तसरची लढाई झाली. एवढं सगळं सोसून गुरु गोविंदसिंग मालव्यात आले (हा मालवा सतलजच्या दक्षिणेकडचा, मध्य प्रदेशातला नव्हे) आणि तलवंडीचा चौधरी डल्ला याच्याकडे उतरले. दमदमा म्हणजे दम घ्यायची जागा. दम घेण्याच्या या काळातच ग्रंथसाहिबाची नवी प्रत सिद्ध झाली, असं शीख परंपरा सांगते. भाई मणी सिंग लिहीत होते, आणि नववे गुरू तेग बहादूर यांची वाणी या प्रतीत आली. हिला दमदमी बीड म्हणतात (बीड म्हणजे ग्रंथाची प्रत). आपल्या नामदेवांची ६१ पदं ग्रंथात १६०४ च्या पहिल्या प्रतीपासूनच होती, तीही या प्रतीत आली. पुढे नांदेडला ग्रंथाला गुरुपद दिलं गेलं. म्हणजे तलवंडीत लिहून झालेल्या ग्रंथाची गोष्ट आपल्या गोदावरीकाठी पूर्ण होते.

लिहून झाल्यावर बोरूच्या लेखण्या जवळच्या तळ्यात सोडल्या आणि इथे पुढे हजारो लोक शिकतील, ही आमची काशी होईल, असं गुरू म्हणाले, अशी आख्यायिका आहे. त्या जागी आज लिखणसर गुरुद्वारा आहे. तिथे लहान मुलांना आणून गुरुमुखीची पस्तीस अक्षरं, म्हणजे ‘पैंती’, लिहून घेण्याची प्रथा आहे. ऊडा, ऐडा, ईडी… मूल एकेक अक्षर काढतं, आणि मोठी माणसं हात जोडून बाजूला उभी असतात. आपण दसऱ्याला पाटीवर एकचे आकडे जुळवून सरस्वती काढतो, त्याच जातीची ही गोष्ट. गावाला ‘गुरु की काशी’ म्हणतात ते या आख्यायिकेमुळे.

आता एक तारीख लक्षात ठेवा. गुरू इथे राहिले १७०६ मध्ये; पण दमदमा साहिबला पाचवं तख्त म्हणून शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीची मान्यता मिळाली १९६६ मध्ये. अडीचशेहून जास्त वर्षं लोकांच्या मनात जागा होती, पण मान्यतेचा ठराव वेगळा करावा लागला. विद्यापीठाचंही तसंच असतं. मातीला वारसा असतो, पदवीला मान्यता लागते, आणि ती कोण देतं हे विचारावंच लागतं.

पदवीचा जन्मदाखला

समजा, मानसा जिल्ह्यातल्या एका गावची मुलगी बारावी झाली आहे. घरी पाच-सहा एकर, त्यात नरमा. हातात एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आहे आणि पहिल्याच पानावर गुरुद्वाऱ्याचा फोटो आहे. वडील फोटोला हात लावून तो कपाळाला लावतात. तिथवर सगळं ठीक. तिने आता पान उलटून एक ओळ शोधायला हवी: हे विद्यापीठ कोणत्या अधिनियमाखाली स्थापन झालं आहे?

भारतात ज्याच्या मनात आलं त्याला पदवी वाटता येत नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठालाच, केंद्राने ‘अभिमत’ ठरवलेल्या संस्थेलाच किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. म्हणजे ‘खासगी’ हा शब्द फक्त मालकी आणि खर्चाबद्दल बोलतो. विद्यापीठाचा जन्म मात्र विधिमंडळातच होतो. एखादा ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी पुढे येते, तिला प्रायोजक संस्था म्हणतात. ती सरकारला प्रस्ताव देते, जमीन, इमारती आणि कायमस्वरूपी ठेव दाखवते, आणि मग विधानसभा कायदा करते. अकाल विद्यापीठामागे हिमाचलातल्या बडू साहिबची कलगीधर संस्था आहे, पण त्या विद्यापीठाला पदवी देण्याचा हक्क मिळाला तो पंजाब विधानसभेच्या २०१५ च्या कायद्यातून. आपल्याकडे आधी एकेका विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदा होत असे, आता २०२३ चा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांचा एकत्र कायदा आहे.

गावाकडे तीन प्रकारांची नेहमी सरमिसळ होते. संलग्न महाविद्यालय शिकवतं, पण परीक्षा आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असते. अभिमत विद्यापीठ ही आधीची संस्था असते, तिला केंद्र सरकार आयोगाच्या शिफारशीने दर्जा देतं. राज्य कायद्याचं खासगी विद्यापीठ स्वतःच अभ्यासक्रम ठरवतं, स्वतःच पेपर काढतं, स्वतःच तपासतं आणि स्वतःच पदवी देतं. त्याला बाहेरची महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. म्हणून कुणी दुसऱ्या गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन ‘आमच्याकडे अमुक खासगी विद्यापीठाची डिग्री मिळते’ म्हणत असेल तर तिथे पैसे भरण्याआधी थांबा.

हे नियम उगाच आलेले नाहीत. छत्तीसगडने २००२ मध्ये एक कायदा केला. त्यात नुसत्या राजपत्रातल्या अधिसूचनेने खासगी विद्यापीठ काढता येत होतं. थोड्याच काळात शंभराहून जास्त विद्यापीठं कागदावर जन्मली. कित्येकांकडे ना इमारत, ना प्रयोगशाळा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि शास्त्रज्ञ प्रा. यश पाल याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली संबंधित कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं एका निकालात बरखास्त झाली. आधीच प्रवेश घेतलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न उरलाच. न्यायालयाने सरकारला सांगितलं की त्या संस्था चालू सरकारी विद्यापीठांना जोडून घ्यायची व्यवस्था करा. आपण ज्या विद्यापीठात शिकतो ते अस्तित्वातच नाही, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असताना कळणं कसं असेल? त्या मुलांचा विचार मनात आला की कायद्याचं नाव विचारण्यात संकोच वाटत नाही.

आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार खासगी विद्यापीठांची यादी असते, बनावट विद्यापीठांचीही असते. तिथे नाव पाहायला दोन मिनिटं लागतात. पण यादीत नाव आहे म्हणजे झालं, असं नाही. बी.एड. असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, फार्मसी असेल तर फार्मसी परिषद, कायदा असेल तर बार कौन्सिल, यांची त्या अभ्यासक्रमाला वेगळी मंजुरी लागते. खेड्यातली मुलं नेमकी याच वाटांनी जातात, कारण पुढे नोकरी किंवा दुकान दिसत असतं. विद्यापीठ अस्सल, पण अभ्यासक्रमाला परिषदेची मंजुरी नाही, असं झालं तर पदवी हातात असूनही नोंदणी होत नाही. नॅक या मूल्यांकन संस्थेचं मानांकन ही तिसरीच गोष्ट. ते गुणवत्तेबद्दल बोलतं, मान्यतेबद्दल नाही. माहितीपत्रकात हे सगळं एकाच ओळीत, एकाच ठळक अक्षरात छापलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते एकच वाटतं.

पैसा कुठून येतो

खासगी विद्यापीठाला सरकारकडून पगारासाठी अनुदान मिळत नाही. आयोगाच्या कायद्यातल्या कलम २ (एफ) खाली विद्यापीठ ओळखलं जातं, पण केंद्राच्या निधीला पात्र व्हायला १२ (बी) खाली वेगळं यावं लागतं. त्यामुळे मुख्य आधार फीचा. आणि शीख संस्थांच्या बाबतीत दुसरा आधार असतो, तो दसवंधाचा: कमाईचा दहावा हिस्सा गुरूच्या कामाला द्यायचा, ही शिकवण. कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतून असा पैसा येतो. पण परदेशी नागरिकाने दिलेली देणगी थेट खात्यात घेता येत नाही. त्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. एखाद्या आजोबांनी व्हँकुव्हरहून पाठवलेली रक्कम तलवंडीसारख्या गावातल्या वसतिगृहाची भिंत होईपर्यंत एवढा प्रवास करते.

आणि नफा? शिक्षण हा नफेखोरीचा धंदा असू शकत नाही, संस्थेच्या वाढीपुरता वाजवी शिल्लक पैसा चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं. वाजवी कशाला म्हणायचं, हे भांडण तेव्हापासून चालू आहे.

आता पुन्हा त्या मुलीच्या घरी या. फी वर्षातून दोनदा भरायची, आणि पैसा वर्षातून एकदा, नरमा विकल्यावर येतो. २०१५ मध्ये बठिंडा-मानसा पट्ट्यात पांढऱ्या माशीने कापूस खाल्ला. २०२१ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. यवतमाळ किंवा परभणीच्या माणसाला पुढचं सांगायला नको. बाजारात बोंड गेलं नाही की घरात पहिला प्रश्न पोरीच्या पुढच्या सेमिस्टरचा निघतो. म्हणून अशा भागातल्या विद्यापीठाबद्दल मला सगळ्यात जास्त जाणून घ्यावंसं वाटतं ते हे: पीक बुडालेल्या वर्षी तिथे फीला मुदत मिळते का? आणि ती लेखी मिळते का?

पंजाबात याला आणखी एक पदर आहे. राज्याची जवळपास ३२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची आहे. देशातल्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण एवढं नाही. यातली बहुसंख्य कुटुंबं भूमिहीन आहेत, दुसऱ्याच्या शेतात राबणारी. त्यांच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हीच फी असते. २०२०-२१ पासून तिचा भार केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतं, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातून विद्यार्थ्याने संस्थेची फी भरायची. कागदावर हे चांगलं आहे. पण हप्ता उशिरा आला तर मधल्या काळात संस्था मुलाकडे बघते आणि मूल सरकारकडे. देशभर कित्येक ठिकाणी अशा वेळी परीक्षेचा अर्ज किंवा मूळ कागदपत्रं अडकवून ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता येणार नाहीत, असं आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तपासणीसाठी द्या, छायांकित प्रती द्या, मूळ परत घ्या. हा हक्क आहे, विनंती नाही.

वारसा नेमकं काय करतो

एवढं सगळं कायद्याचं आणि पैशाचं सांगून झाल्यावर गुरुद्वाऱ्याचा तो फोटो निव्वळ सजावट आहे, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही.

कलगीधर संस्थेची कथा पाहा. मस्तुआण्याचे संत अत्तर सिंग, त्यांचे शिष्य संत तेजा सिंग. तेजा सिंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डला शिकून आले होते. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातली बडू साहिबची आडबाजूची जागा १९५६ मध्ये मिळाली. पुढे हिमाचलच्या कृषी खात्याचे संचालक राहिलेले इक्बाल सिंग निवृत्त झाले आणि तिथे त्यांनी १९८६ मध्ये शाळा सुरू केली. विद्यार्थी होते पाच. आज उत्तर भारताच्या खेड्यापाड्यांत या संस्थेच्या शंभराहून जास्त अकाल अकादमी आहेत. २००८ मध्ये बडू साहिबला मुलींसाठी इटर्नल विद्यापीठ निघालं आणि सात वर्षांनी तलवंडीला अकाल विद्यापीठ. इक्बाल सिंगांना जानेवारी २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच महिन्यात, नव्वदी ओलांडलेल्या वयात, ते गेले. (तलवंडीचं विद्यापीठ निघालं त्या २०१५ सालीच आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला, नामदेवांच्या गावी, भरलं होतं. घुमान तिथून लांब, उत्तरेकडे गुरदासपूर जिल्ह्यात आहे. पण ते वर्ष मला नेहमी जोडीने आठवतं.)

असा वारसा असलेल्या संस्थेला सहज मिळणारी एक गोष्ट म्हणजे विश्वास, आणि खेड्यात विश्वासाची किंमत रोकड असते. जो बाप मुलीला बठिंड्याच्या वसतिगृहात ठेवायला धजत नाही तो तख्ताच्या गावात ठेवतो. तिथे लंगर आहे, कुणी उपाशी झोपत नाही, संध्याकाळी रहिरासचा, म्हणजे सायंप्रार्थनेचा, पाठ कानावर पडतो, तंबाखू-दारूला मज्जाव आहे. अमली पदार्थांनी ज्या भागातली घरं पोखरली त्या भागात हे शेवटचं वाक्य आईबापांना फार मोठं वाटतं. मुलगी घराबाहेर पडून पदवीपर्यंत पोचते, यात या विश्वासाचा वाटा मोठा आहे, आणि तो मान्य करायला हवा.

पण या वळणाबरोबर शिस्तही येते, आणि ती प्रवेश घेतानाच नीट पाहावी. राज्यघटनेचं कलम २८ (३) सांगतं की सरकारमान्य शिक्षणसंस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासना यांत भाग घ्यायला लावता येत नाही, त्याने स्वतः किंवा तो अल्पवयीन असेल तर पालकाने संमती दिली नसेल तर. ही संमती बहुतेक वेळा कुठे दिली जाते? प्रवेशअर्जाच्या शेवटच्या पानावर, वसतिगृहाच्या नियमांखालच्या सहीत. घाईत केलेली ती सही तीन वर्षं पुरते. शीख घरातल्या मुलीला त्यात वेगळं काही वाटणार नाही. दुसऱ्या धर्माच्या किंवा दुसऱ्या वळणाच्या घरातली मुलगी असेल तर तिने आधी वाचून, विचारून मग सही करावी.

एक कायदेशीर गुंता जाता जाता. धार्मिक अल्पसंख्याकांना कलम ३० खाली आपल्या संस्था चालवण्याचा खास हक्क आहे. पै खटल्यात ठरलं की अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार पाहायचं. २०११ च्या जनगणनेत पंजाबात शीख जवळपास ५८ टक्के, हिमाचलात एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे एकाच संस्थेची दोन विद्यापीठं, आणि राज्याची सीमा ओलांडली की हा प्रश्न बदलतो. पंजाबात शीख अल्पसंख्याक नाहीत, असा निकाल उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. विद्यार्थ्याला याची झळ लागते ती प्रवेशाच्या राखीव जागांत, कारण कलम १५ (५) मध्ये अल्पसंख्याक संस्थांना सूट आहे.

आणि शेवटी शिक्षक. ग्रामीण खासगी विद्यापीठाची खरी कसोटी मला इथे दिसते. इमारत देणगीतून होते, कायदा विधानसभेतून होतो. पण रसायनशास्त्रातला पीएच.डी. झालेला, मुलाबाळांचा माणूस तलवंडीसारख्या गावात राहायला यावा आणि दहा वर्षं टिकावा, हे कुठल्याच अधिसूचनेने घडत नाही. त्यातून बठिंड्यात रस्तेच्या रस्ते आयलेट्सच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, क्लासेसनी भरलेले. तरुण शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी दोघांचेही डोळे कॅनडाकडे. २०२४ च्या जानेवारीत कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, बँकेत दाखवायची रक्कम दुपटीवर नेली. ज्यांचं जाणं अडलं ती मुलं आता जवळच्या विद्यापीठांची दारं ठोठावताहेत, आणि त्यांना आत काय मिळतं यावर मालव्यातल्या एका पिढीचं बरंच काही ठरणार आहे. मधेच निघून गेलेल्या शिक्षकांची संख्या कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

म्हणून त्या मुलीने आणि तिच्या वडिलांनी वैशाखीला जाऊ नये. त्या दिवशी तलवंडीत जत्रा असते, माणसांचा पूर असतो, सगळं गाव उजळलेलं असतं. एखाद्या साध्या मंगळवारी जावं. तख्तावर माथा टेकावा, लंगरात जेवावं, लिखणसरला जाऊन यावं. मग दुपारी विद्यापीठात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठावं आणि विचारावं: पहिल्या वर्षी ज्यांनी शिकवलं त्यांच्यातले किती जण अजून इथे आहेत? आणि पाच वाजता, निघण्याआधी, ग्रंथालयात किती दिवे चालू आहेत आणि त्यांच्याखाली कुणी बसलं आहे का, ते बघून मग बस धरावी.